काटा थंड

मोखाडा-खोडाळा लायनीवर जिपा बऱ्याच होत्या, पण काटा एकाच जिपेला होता. म्हणजे डॅशबोर्डवर काटे सगळ्यांनाच होते, कंपनीनं दिलेले. पण बाकीच्यांचे कधीच मेले होते आणि त्या गोल काचांवर कुणी देव चिकटवला होता, कुणी बायको, एकानं तर पुढारी. बुध्याच्या जिपेचे चारही काटे चालू होते. त्यातल्या तापाच्या काट्याची तर लोक घरच्या म्हाताऱ्यासारखी चौकशी करायचे. "काय म्हणतोय आज काटा? बरा हाय ना?"

याला कारण हेदाचा चढ. खोडाळ्याच्या वाटेवर हा चढ असा उभा आहे, की बैलसुद्धा खाली थांबून एकदा वर बघतो. चढाच्या पायथ्याशी बुध्या काट्याकडं बघायचा आणि काटा लाल पट्टीला टेकला असला की नुसतं "हां" म्हणायचा. त्या एका "हां"वर आतली, टपावरची, मागं लोंबकळणारी सगळी माणसं खाली. बाया पुढं चालायच्या, गडी मागं, आणि गड्यांतल्या दोघांच्या हातात दगड, जीप मागं सरकली तर चाकाखाली टाकायला. वर हेदाच्या झाडाखाली तंबाखू मळून होईपर्यंत काटा खाली यायचा. मग परत बसायचं. कुणी कुरकुर करायचं नाही. गाडीला ताप आला की उतरायचं, एवढं त्या भागातलं पोर शाळेत जायच्या आधी शिकायचं, आणि पुष्कळांचं शिक्षण तिथंच पुरं व्हायचं.

पुढं बुध्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि स्टेअरिंग पोराकडं, सोम्याकडं गेलं. पण बुध्या जिपेतून उतरला नाही. तो डावीकडच्या सीटवर बसायचा, काट्याला नाक टेकेल इतका वाकून बघायचा, आणि "हां" म्हणायचं काम स्वतःकडंच ठेवायचा.

मग एका पावसाळ्यात इंजिन गेलं. असं गेलं, की जव्हारच्या सुरज मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि टोपी काढली.

जीप घ्यायच्या आधीची वर्षं सोम्याला आठवत होती. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलपं लावून वीटभट्टीवर जातात, कुलपं नसली तर दाराला काटेरी फांदी. सोम्याचं लहानपण भट्टीवरच्या झोपडीत गेलं होतं. बायको रुपी तर भट्टीवरच जन्मली होती. आणि त्यांची पोर हर्षदा चौथीत होती. वर्गात ती एकटीच अशी, जिनं एकही वर्ष मधेच सोडलं नव्हतं. जीप लायनीवर राहिली तर हर्षदा पाचवीत जाणार होती. नाही राहिली तर ती डोक्यावर विटा घेणार होती. याच्या मधलं काही नव्हतं.

"नवं टाकू," सुरज म्हणाला. "म्हणजे नवं नाय. पलटी झालेल्या पिकअपचं हाय. पण तुझ्या गाडीपुढं नवरदेव हाय."

नवरदेव बसला. आवाज गोड, जोर दुप्पट. ब्रेकसुद्धा त्याच्याबरोबर हलके झाले. आधी उभं राहून दाबावे लागायचे, आता इंजिन चालू असलं की अंगठ्यानं लागायचे. फक्त एक झालं. चारही काटे मेले.

"ह्या इंजिनाला डोकं हाय," सुरजनं समजावलं. "ते कॉम्प्युटरशी बोलतं. तुझे काटे जुन्या जमान्यातले. दोघांची भाषाच वेगळी. काटे कशाला पायजेत? काय झालंच तर हा लाल दिवा लागंल आणि हा बझर वाजंल."

बझर वाजवून दाखवला. पिटीव, पिटीव, पिटीव. हुबेहूब टिटवी.

पहिल्याच फेरीला कुठल्या तरी वायरवरून तो आपोआप वाजला. सगळ्यात जुनी गिऱ्हाईक पोशीआजी, तिनं कोंबडी काखेत मारली आणि चालत्या जिपेतून पाय बाहेर टाकला. "टिटवी बोलते ज्या गाडीत, त्या गाडीत मी नाय बसायची." तिच्यामागं बाकीचे उतरले. दुसऱ्या दिवशी लोक आले, आत वाकले, मेलेला काटा बघितला आणि मागच्या जिपेत जाऊन बसले. त्या जिपेचा काटा दहा वर्षांपूर्वी मेला होता. पण तिचा मेलेला होता, बुध्याचा मारला होता. लोकांना हा फरक कळत होता.

सुरजनं आकडे दाखवणारी डबी बसवली. चावी फिरवली की हिरवा आकडा. पोशीआजीनं हर्षदाकडून वाचून घेतला.

"ब्याऐंशी? ताप ब्याऐंशी? माज्या नातवाला एकशे दोन होता तवा डॉक्टर म्हणला घाबरू नका. ब्याऐंशीवाल्याला तर जाळायला नेतात."

डबी निघाली. सोम्या जीप घेऊन परत जव्हारला.

"सुरजभाऊ, कायपण कर. पण जुना काटा हालला पायजे. हालला नाय तर मी दिवाळीनंतर विटा थापतो."

सुरजनं हात जोडले आणि कामाला लागला. जुन्या इंजिनातलं तापाचं बोंडूक, म्हणजे पाण्यात बुडून ताप ओळखणारा सेन्सर, त्यानं काढून ठेवलं होतं. काट्याला तेवढंच ओळखीचं. पण नव्या इंजिनात त्याला भोक नव्हतं. मग त्यानं रेडिएटरकडं जाणारा रबरी पाइप मधे कापला, त्यात पितळेचा तुकडा घातला, त्या तुकड्याला भोक पाडून बोंडूक बसवलं आणि दोन्ही बाजूंना क्लिपा आवळल्या. पाणी गळू नये म्हणून आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, नळाला गुंडाळतात ती. काटा हालला नाही. टेपमुळं अर्थिंग मिळत नव्हती. टेप काढली. काटा हालला, पण पाणी गळायला लागलं. मग निम्मी टेप ठेवली. निम्मं गळणं थांबलं.

बाकीच्या काट्यांच्या वायरी त्यानं अंदाजानं जोडल्या आणि जीप सोडली. त्या आठवड्याची आठवण लोक अजून काढतात. ब्रेक मारला की डिझेलचा काटा फुल व्हायचा. हॉर्न वाजवला की ऑइलचा काटा सलाम ठोकायचा. "सोम्या, दाब ब्रेक, खोडाळ्यापर्यंत टाकी भरंल," असं तुका मागून ओरडायचा. हा तुका पंचायतीत शिपाई होता आणि दर फेरीला जिपेत असायचा. दुसऱ्याच्या गाडीवर बोलणं हे त्याचं खरं काम.

आणि एका संध्याकाळी सोम्यानं मोठे दिवे लावले तसा तापाचा काटा सरळ लाल पट्टीवर जाऊन बसला. बुध्यानं नाक टेकवून बघितलं. म्हणाला, "हां."

रस्ता ताटासारखा सपाट होता. इंजिन बर्फासारखं थंड होतं. तरी सगळी माणसं उतरली. बाया पुढं, गडी मागं, दोघांच्या हातात दगड. मधे रिकामी जीप, चालीनं चालणारी, दिवे लावलेली. समोरून येणाऱ्या माणसानं प्रेत नेतायत समजून चप्पल काढली आणि बाजूला उभा राहिला. सोम्यानं दिवे बंद केले, काटा खाली आला, माणसं बसली. अंधारात दिसेना, दिवे लावले, माणसं उतरली. खोडाळा येईपर्यंत तीन वेळा.

"बा, आरं दिव्यानं व्हतंय ते!" सोम्या कळवळून म्हणाला.

"कशानं का होईना," बुध्या म्हणाला. "लाल म्हंजे लाल."

दुसऱ्या दिवशी सुरजनं डॅशबोर्डमागं नवीन अर्थिंग टाकली आणि सगळं जागेवर आलं. डिझेल डिझेल दाखवू लागलं, तापाचा काटा बरोबर मधे येऊन उभा राहिला. सुरजच्याच डोळ्यांत पाणी आलं. निघताना सोम्यानं विचारलं, "तो लाल दिवा न् बझर?"

"ते राहू दे. इंजिनाचं खरं डोकं तिकडं हाय."

"नको. परत एकदा टिटवी वाजली तर लोक जातील ते जातील. तोड."

सुरजनं थोडा वेळ पक्कड हातात धरली. मग वायर तोडली. गिऱ्हाइकाच्या पोटाचा प्रश्न होता.

लोकांनी जिपेला हार घातला, नारळ फोडला. काट्यावर हळदकुंकू इतकं वाहिलं, की बुध्याला काच पुसून द्यावी लागली. आणि मग काय झालं, तर काहीच झालं नाही. नवं इंजिन तापेचना. हेदाचा चढ ते गाणं म्हणत चढायचं. काटा मधे. फेरीमागून फेरी, काटा मधे. बुध्या नाक टेकवायचा, बघायचा, आणि मागं टेकायचा. महिनाभरात लोक "हां" विसरले.

"बुध्याबाबा, आता तुमची नोकरी गेली," तुका मागून म्हणायचा. "पेन्शन लावा म्हणा काट्याला."

बुध्या हसायचा नाही. त्याला आता काचही नीट दिसत नव्हती. चढ आला की तो जिपेच्या तळाच्या पत्र्यावर अनवाणी पाय घट्ट टेकवून बसायचा, एवढंच.

दिवाळी झाली. घरं बंद व्हायला लागली. सोम्याच्या घराला कुलूप लागलं नाही.

त्या बाजाराच्या दिवशी दुपारी जीप मोखाड्याहून निघाली ती तुडुंब. टपावर पत्रे, पत्र्यांवर बकरी, बकरीवर लक्ष ठेवायला तिचा मालक. मधल्या सीटवर रुपी, शेजारी पोशीआजी गुळाची ढेप मांडीवर घेऊन, मागं तुका. वाटेत बुध्या म्हणाला, "कसला वास येतो रं? गोड."

"माज्या गुळाचा," पोशीआजी म्हणाली. "खायचा का वाईच?"

"गुळाचा नाय. पाक करपल्यासारखा."

"म्हाताऱ्याला गोड खावंसं वाटतंय," तुका म्हणाला. पोशीआजीनं खरंच खडा फोडून बुध्याच्या हातात दिला. जीपभर हशा झाला. त्या वेळी बॉनेटखाली पितळेच्या तुकड्याजवळची एक क्लिप ढिली होऊन बसली होती आणि इंजिनातलं कूलंटचं गोड वासाचं पाणी मोखाड्यापासून थेंबाथेंबानं रस्त्याला पाजलं जात होतं. बोंडूक आता पाण्यात नव्हतं, रिकाम्या पाइपात हवा खात होतं. त्याला गार वाटत होतं. त्यानं तसं इमानदारीनं काट्याला कळवलं, आणि काटा मधून खाली उतरला, अगदी तळाशी.

हेदाच्या चढाच्या पायथ्याशी बुध्यानं हातातला गूळ खाली टाकला. दोन्ही पाय पत्र्यावरून उचलले आणि म्हणाला, "हां."

सोम्यानं जीप थांबवली, पण कुणी हाललं नाही. मग सगळे वाकून काट्याकडं बघायला लागले. हे बुध्यानंच शिकवलं होतं.

"काटा तर पार थंड हाय," मागून तुका.

"फ्रीजमधी हाय," टपावरून बकरीवाला, ज्याला काटा दिसतही नव्हता.

"बा, काटा थंड हाय," सोम्या म्हणाला. त्याला लाज वाटत होती. बाप म्हातारा झाला हे गिऱ्हाइकांसमोर असं कळायला नको होतं.

"पत्रा भाजतो. उतरा."

"आरं बा, काटा बघ की!"

"मला दिसत न्हाय काटा."

"मंग आमाला दिसतो ना," पोशीआजी प्रेमानं म्हणाली. "बस तू. वर जाऊ, च्या पिऊ."

बुध्यानं दार उघडलं आणि एकटा उतरला. रुपी उठायला लागली, पण तिच्या मांडीवर शेजारच्या बाईचं पोर झोपलं होतं आणि समोर पोत्यांची चळत होती. बुध्यानं बांधावर हात फिरवून दगड शोधला, दोन्ही हातांत धरला आणि जिपेच्या मागं जाऊन उभा राहिला, गड्यांच्या जागेवर. त्या जागेवर आज दुसरं कुणी नव्हतं.

"चल रं, नायतर काळोख पडंल," तुका म्हणाला. "येतो तो मागनं. पेन्शनर हाय."

सोम्यानं पहिला गिअर टाकला. म्हातारं माणूस मागं चालतंय म्हणून हळू हाकली. आरशात बाप दिसत होता, खाली बघून चालणारा, दगड पोटाशी धरलेला.

अर्ध्या चढावर इंजिनाचं गाणं थांबलं. आधी ते कण्हलं, मग आतून कुणी तरी गच्च पकडल्यासारखं जागच्या जागी बंद पडलं. सवयीनं सोम्याचा पाय क्लचवर गेला आणि जीप मागं निघाली. त्यानं ब्रेक दाबला. इंजिन बंद होतं, ब्रेक दगडासारखा. तो उभा राहिला ब्रेकवर. हँडब्रेक ओढला, तो कंबरेपर्यंत वर आला आणि कशालाच लागला नाही. मागं वळण होतं, वळणाखाली दरी. आत सगळे ओरडत होते, टपावर बकरी ओरडत होती, आणि सोम्याला आरशात दिसलं, की बाप बाजूला होत नाहीये. तो आवाजाच्या दिशेनं वाकला होता. चाकाची जागा हातानं चाचपत होता.

धक्का बसला. जीप थांबली.

एकाही माणसाला खरचटलं नाही. पोशीआजीची ढेप फुटली नाही. दगड चाकाखाली इतका नेमका बसला होता, की दोन्ही डोळे चांगले असलेल्या माणसालाही तसा बसवता आला नसता. बुध्याला तिथून निघायला फक्त वेळ पुरला नव्हता.

कुणाच्या तरी जिपेत घालून त्याला दवाखान्यात नेलं. पोचायच्या आधीच तो गेला होता. सोम्या मधल्या वेळात एकदा बॉनेटपाशी गेला, इंजिनावर हात ठेवला, हात भाजला, बोंडकाजवळचा पाइप दाबला, तो रिकामा होता, आणि त्याला सगळं कळलं.

पोलीस ठाण्याचा हवालदार आला तेव्हा अंधारायला लागलं होतं. जीप रस्त्यात आडवी. "ही बाजूला घ्या आधी," तो म्हणाला. "पाणीबिणी कमी असेल तर टाका आणि आणा खाली. सकाळी आरटीओचे साहेब तपासतील." मग तुकानं पाणी आणलं, बकरीवाल्यानं क्लिप आवळली, सगळ्यांनी मदत केली. थंड झालेलं इंजिन पहिल्या चावीला लागलं. काय होतं काय नव्हतं ते सगळं सरकारी हुकमानं दुरुस्त झालं.

सकाळी साहेब आले. चावी फिरवली. इंजिन गाणं म्हणायला लागलं. साहेबांनी ब्रेक दाबला, इंजिन चालू होतं, ब्रेक हलका. थोड्या वेळानं तापाचा काटा हळूहळू वर आला आणि बरोबर मधे थांबला.

"वा!" साहेब म्हणाले. "एवढ्या जुन्या गाडीचे मीटर चालू? मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय. काल गाडी तापली होती का?"

"नाय साहेब," पोशीआजी पुढं झाली. "काटा थंड होता. ह्या डोळ्यांनी बघितला."

"पार थंड," तुका म्हणाला. बकरीवाल्यानं मान हलवली. सगळ्यांनी मान हलवली. काल हसले होते ते सगळे इथं उभे होते, आणि काटा थंड होता यावर त्यांची आज झोप अवलंबून होती.

"मग म्हातारा चढावर उतरला कशाला?"

सगळ्यांनी सोम्याकडं बघितलं.

सोम्यानं रुपीकडं बघितलं. ती हर्षदाचा हात धरून उभी होती. हर्षदा शाळेच्या गणवेशात होती, कारण तिला घालायला दुसरं धड काही नव्हतं. सोम्याच्या तोंडात सगळं तयार होतं. कापलेला पाइप, तोडलेली वायर, बापाचे उचललेले पाय. हे बोललं की परमिट जाणार. परमिट गेलं की भट्टी.

"बोल की."

"लघवीला," सोम्या म्हणाला. "लघवीला उतरला होता."

"असंय होय," साहेब म्हणाले. "चढावर उतरू नये माणसानं. ब्रेक हलका आहे, गाडी ओके आहे. काटा जपा, असे मिळत नाहीत आता."

त्यानंतर लायनीवर नवा नियम झाला, कुणी केला नाही, आपोआप झाला. चढावर उतरायचं नाही. कुणी पोर चुळबुळ करायला लागलं तरी बाया त्याला मांडीत दाबून धरतात आणि सांगतात, बुध्या असाच गेला.

दिवसकार्य झालं आणि सोम्या पुन्हा जीप काढायला लागला. पहिल्या फेरीला रुपी सामान आणायला म्हणून मोखाड्याला आली होती. परत येताना ती पुढं बसली, कारण पुढच्या सीटवर दुसरं कुणी बसेना. चढाच्या खाली भट्टीचा ट्रक समोरून आला. माणसं, भांडी, कोंबड्या, सगळं एकत्र कोंबलेलं. गावातलीच माणसं. त्यांनी हात हलवले. सोम्यानं हॉर्न वाजवला. ट्रक गेला, धूळ खाली बसली, रस्ता रिकामा झाला.

रुपी समोर बघत होती. मागच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "त्या दिवशी बाजारातनं निघतानाच लघवी केली होती बानं. मीच हात धरून नेला होता, स्टँडच्या मागं."

सोम्यानं पहिला गिअर टाकला.